जुनी पिकअप घ्यायलात? आधी हौदा बघा, मग इंजिन

सोयाबीनचे पैसे हातात आले की आमच्याकडं मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) दर आठवड्याला कोणीतरी विचारतंय, जुनी पिकअप घ्यावी म्हणतोय, कोणत्या सालची बघू, किती चाललेली बघू. माझं म्हणणं असं की साल अन किलोमीटर मागून बघा, आधी ती गाडी आजवर काय वाहत होती ते शोधा. निम्म्या गाड्यांचं मीटर बंद असतंय अन चालू असलं तरी त्याच्यावर भरवसा ठेवून पैसे मोजू नका.

हे मी पैसे घालून शिकलोय म्हणून सांगतो. २०१७ ला मी २०११ ची एक पिकअप घेतली, शेजारच्या जिल्ह्यातून. नवा रंग, नवे सीटकव्हर, इंजिन एका सेल्फमध्ये चालू. हौद्याच्या पत्र्यावर मधोमध एक मोठा गोल गंजाचा डाग होता, रंगाखालूनसुद्धा फुगून वर आलेला, मी बघितला अन सोडून दिला. तीन महिन्यांनी सोयाबीनचे कट्टे घेऊन मोंढ्याकडं निघालो, बारा क्विंटलच्या आतच माल होता, नाल्याच्या खड्ड्यात मागून कट्ट करून आवाज आला अन गाडी डाव्या अंगाला बसली. मिस्त्रीनं खालून प्रेशरनं धुतलं तेव्हा दिसलं, मागच्या पाट्याच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) हँगरपाशी, म्हणजे पाटा जिथं टांगलेला असतो तिथं, चेसिस (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) चिरलेली, वरून पट्टी ठोकून वेल्डिंग केलेलं अन त्याच्यावर काळ्या मातीचा थर. तो गोल डाग पाण्याच्या टाकीचा होता. २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली, इकडच्या कितीतरी पिकअप हौद्यात टाकी ठेवून पाण्यावर चालल्या. दोन हजार लिटरची टाकी म्हणजे दोन टन नुसतं पाणी, गाडी सव्वा-दीड टन माल वाहायची, अन पाणी वळणावर हेंदकाळतंय ते वेगळंच. त्यावेळी लोकांची तहान भागली, गाडीचा काही दोष नाही, पण तिचे पाटे अन चेसिस त्या दोन महिन्यात संपले होते.

म्हणून गाडी बघायला जाताना पहिली अट घाला, गाडी खालून धुवून दाखवा. मालक का-कू करायला लागला तर तिथूनच माघारी या. धुतल्यावर हातातली बॅटरी (टॉर्च) घेऊन खाली आडवं व्हा. पाट्याचे हँगर, शॅकल (पाट्याच्या टोकाची हलती कडी), क्रॉस मेंबर (चेसिसच्या आडव्या पट्ट्या) जिथं जोडलेत ते कोपरे, केबिनच्या मागं चेसिसला जिथं वाक येतो ती जागा, हे सगळं बोटानं चाचपा. कंपनीचं वेल्डिंग सारखं अन बारीक असतंय, गावातलं वेल्डिंग गुठळ्या-गुठळ्याचं असतंय, हात फिरवला की कळतंय. पाट्यांची संख्या दोन्हीकडं मोजा. एखादा जास्तीचा पाटा घातलेला दिसला तर समजून जा की गाडी ओव्हरलोडवर चालायची. मग रिकामी गाडी सपाट जागी उभी करून मागून दहा पावलं लांब जाऊन बघा, एका बाजूला कलली का. हौद्यात गोल डाग असला तर टाकी, कोपऱ्यात पांढरट खारट गंज असला तर खत नाहीतर मीठ, अन फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या झडपेच्या) बिजागऱ्या ढिल्या होऊन फाळका लटकत असला तर वाळू-खडी. भाजीपाल्याची नाहीतर दुधाची गाडी मिळाली तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

इंजिन बघायला सकाळी जा, अन मालकाला सांगून ठेवा की मी यायच्या आधी चालू करू नको. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर त्यानं आधीच चालू करून ठेवलीय, दुसऱ्या दिवशी परत जा. गाडी थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडून बघा, पाण्यावर तेलाचा तवंग नको. डीपस्टिक काढा, ऑईल काळं असणारच डिझेलचं, पण ताकासारखं पांढरट दिसलं तर ऑईलमध्ये पाणी शिरलंय, हात जोडा अन निघा. चालू केल्यावर ऑईलचं झाकण ढिलं करून नुसतं वर ठेवा, थोडं थरथरलं तर ठीक, पण खालून भकाभका धूर येऊन झाकण उडायलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, म्हणजे इंजिन काम आलं. धूर बघा. थंडीत सुरुवातीला थोडा पांढरा येतो, जातो. गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला अन पाणी कमी व्हायलं तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग) गेलं. निळा म्हणजे ऑईल जळतंय. काळा म्हणजे डिझेलचे नोझल-पंप नाहीतर तुंबलेला एअर फिल्टर, त्याला मी एवढा घाबरत नाही.

क्लचची परीक्षा सोपी आहे, सपाट मोकळ्या जागी हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका अन क्लच हळूहळू सोडा, इंजिन बंद पडलं पाहिजे. बंद न पडता नुसतं घुमत राहिलं तर प्लेट गेली. चालवताना चढाला न्या, गिअर निसटतो का बघा, अन अ‍ॅक्सिलेटर सोडल्यावर मागून घूंऽऽ असा आवाज आला तर क्राऊन (मागच्या अ‍ॅक्सलमधले गिअर) तपासून घ्या, गाडी जागेवरून निघताना खट्ट वाजलं तर क्रॉस (शाफ्टचा सांधा). टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही असली तरी म्हातारा टायर आमच्या मे महिन्यात भरल्या गाडीखाली फुटतोय.

कोणती घ्यावी हेही लोक विचारतात. दूध, भाजी, किराणा असा पाऊण टनाच्या आतला माल अन गल्लीबोळ असेल तर छोटा हत्ती (टाटा एस) बास, २००५ पासून आलेली गाडी आहे, जुन्या डिझेल मॉडेलला ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं साधं इंजिन, गावातला मिस्त्री डोळे झाकून उघडतो. टनाच्या वर माल असेल तर बोलेरो पिकअपकडंच जा, छोट्या गाडीला मारू नका. अन ज्याचं गाव तालुक्यापासून लांब आहे त्यानं शक्यतो जुन्या डीआय इंजिनची, मेकॅनिकल पंपाची (सेन्सर नसलेली) गाडी बघावी. सेन्सरवाल्या गाडीचा लाईट लागला की स्कॅनर पाहिजे अन तो प्रत्येक गावात नाही.

कागदांचं. गाडीचा नंबर एम-परिवहन अ‍ॅपवर टाका, पासिंग (फिटनेस), इन्शुरन्स, बँकेचा बोजा सगळं दिसतं. ई-चलन वेगळं तपासा, ते तुमच्या गळ्यात पडतंय. चेसिस नंबर अन इंजिन नंबर आरसीशी एकेक आकडा लावून बघा, नुसता फोटो बघून हो म्हणू नका. मालवाहू गाडीची पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षाला अन त्यानंतर दर वर्षाला असते, गाडी जुनी होईल तशी फी बरीच वाढते, हा खर्च सौद्यात धरा. आरसीवर एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही. लायसन्सचं बरेच जण घाबरवतात, पण साडेसात हजार किलोपर्यंतची मालगाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालते, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पक्कं केलंय. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का तेही बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी अन बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. अन कृपा करून नोटरीवर गाडी घेऊन वर्षानुवर्ष जुन्या मालकाच्या नावावर फिरवू नका, नावावर करायच्या फॉर्म २९ अन ३० वर त्याच दिवशी सह्या घ्या. अपघात झाला तर नोटीस त्याला जाते अन तुमच्या गाडीचा क्लेम अडकतो, दोन्ही घरं बुडतात.

गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात इंजिन ऑईल, सगळे फिल्टर, गिअर अन क्राऊनचं ऑईल, ब्रेकचं ऑईल बदलून टाका, आधीचा मालक काहीही सांगो. किमतीचा सहावा-सातवा हिस्सा यासाठी बाजूला ठेवूनच सौदा करा.

आमच्याकडं इंजिनं जास्त करून पाण्यानं अन धुळीनं मरतात. बोअरचं पाणी रेडिएटरला टाकू नका. चहाच्या भांड्याला जो पांढरा थर बसतो तोच थर आत नळ्यांना बसतो अन मग मे महिन्यात चढाला काटा लालमध्ये जातो. कूलंट अन डिस्टिल्ड वॉटरच टाका, वाटेत अडचण आलीच अन साधं पाणी टाकावं लागलं तर घरी आल्यावर काढून फ्लश करा. एअर फिल्टर कच्च्या रस्त्याच्या दिवसात मी दर आठवड्याला काढतो, हवा आतून बाहेर मारतो, कागदाचा फिल्टर कधीच धूत नाही. डिझेल फिल्टरखालचा स्क्रू ढिला करून पाणी सोडा, पावसाळ्यात तर नक्की. टर्बो असेल तर लांबून आल्यावर मिनिटभर रेसविना चालू ठेवून मग बंद करा. ग्रीस मारताना जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारा, पुढच्या चाकांची किंगपिन असो नाहीतर बॉलजॉईंट, शॅकल अन क्रॉस विसरू नका, चिखलातून आलेल्या गाडीला तर दुसऱ्याच दिवशी.

सोयाबीन काढणीच्या वेळी गाडी रानात उभी राहिली तर उंदीर वायरिंग कुरतडतात, बॉनेट उघडून बघितल्याशिवाय सेल्फ मारू नका.

अन पाटे नवे बसवले किंवा काढून घातले तर यू-बोल्ट (पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारे) पहिल्या भरल्या खेपेनंतर परत आवळायचे, मग पाचशे किलोमीटरला अजून एकदा. मिस्त्री हे सांगतो पण आपण जात नाही. माझ्या गाडीला चेसिसचं काम केल्यावर मी पाना गाडीतच ठेवलाय, मोंढ्यात कट्टे उतरले की हौदा झाडायच्या आधी खाली बघतो.