पॅच कापण्याआधी बोर्ड मोजून घ्या

एफआर-४ (काच आणि रेझिनचा नेहमीचा सर्किट बोर्ड) बोर्डाच्या माहितीपत्रकावर डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट, म्हणजे त्या मालात लहर किती मंदावते ते ठरवणारा आकडा, छापलेला असतो, पण तो अनेकदा १ मेगाहर्ट्झला मोजलेला असतो. तुमचा पॅच अँटेना (बोर्डावरच्या तांब्याच्या सपाट तुकड्याचा अँटेना) चालणार २.४५ गिगाहर्ट्झवर! वारंवारता वाढली की हा आकडा थोडा उतरतो, शिवाय काच आणि रेझिनचं प्रमाण लॉटागणिक बदलतं. ४.२ की ४.४६, हा फरक कागदावर किरकोळ. अँटेनाची वारंवारता मात्र जवळपास तीन टक्के सरकते, म्हणजे ७० मेगाहर्ट्झ. आणि वायफायचा तिथला अख्खा पट्टाच ८३.५ मेगाहर्ट्झचा. म्हणून सिम्युलेशनचे रंगीत आलेख घेऊन कुणी आलं की मी आधी विचारतो, बोर्ड मोजलास का?

मोजायला त्याच बोर्डाच्या तुकड्यावर तांब्याच्या पट्टीचं एक कडं काढा. १.६ मिलिमीटर जाडीच्या बोर्डावर पट्टीची रुंदी ३ मिलिमीटर, मध्यरेषेची त्रिज्या २६ मिलिमीटर, खालची बाजू सलग तांब्याची. कड्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना तशाच रुंदीच्या पट्ट्या आणा, पण टेकवू नका: अर्धा ते एक मिलिमीटर फट ठेवा. जास्त सिग्नल यावा म्हणून फट कमी करण्याचा मोह होतो. तो आवरा. फट अरुंद झाली की बाहेरच्या पट्ट्या कड्याचा अनुनाद, म्हणजे ज्या वारंवारतेला ते सर्वात जोरात प्रतिसाद देतं ती जागा, ओढून नेतात. एका पट्टीतून दुसरीत पोहोचणाऱ्या सिग्नलचं शिखर -२० डीबीच्या (शंभरातला एक भाग शक्ती) खाली राहिलं तर उत्तमच. कड्यावर हिरवा लेप नको.

दोन्ही पट्ट्या नेटवर्क अ‍ॅनालायझरला जोडायच्या; वेगवेगळ्या वारंवारतांना किती सिग्नल पलीकडे पोहोचतो ते हे यंत्र मोजतं. त्याचं कॅलिब्रेशन केबलच्या टोकाशी करा, आणि त्यानंतर केबल वाकवू नका. कड्याच्या परिघात पूर्ण संख्येइतक्या लहरी बसल्या की शिखर दिसतं. या मापाला साधारण १, २ आणि ३ गिगाहर्ट्झजवळ. आपल्या कामाला दुसरं आणि तिसरं धरा, २.४५ त्यांच्यामध्येच येतो.

गणित सोपं आहे. परीघ १६३.४ मिलिमीटर. दुसरं शिखर नेमकं २.०० गिगाहर्ट्झला आलं असं समजा. २ (शिखराचा क्रमांक) गुणिले २९९.८ (प्रकाशाचा वेग, मिलिमीटर आणि गिगाहर्ट्झच्या हिशोबात), भागिले १६३.४ गुणिले २.००, येतात १.८३५, त्याचा वर्ग ३.३७. हा झाला परिणामी कॉन्स्टंट, कारण क्षेत्राचा काही भाग हवेतून जातो. या रुंदी-जाडीला त्यातून ०.३१६ वजा करून ०.६८४ ने भागा: बोर्डाचा स्वतःचा आकडा ४.४६. माप बदललं तर हे दोन्ही गुणांक नव्याने काढावे लागतील.

बोर्ड आधी सुकवून घ्या. पाण्याचा कॉन्स्टंट ८० च्या घरात असतो, त्यामुळे थोडी ओलही शिखर खाली खेचते. मोजताना हातही लांब ठेवा.

आता त्याच शिखराची ३ डीबी खालची रुंदी वाचा. वारंवारतेला तिने भागलं की क्यू मिळतो, म्हणजे शिखर किती टोकदार आहे ते सांगणारा आकडा; ऊर्जा जास्त वाया गेली की तो कमी येतो. एफआर-४ वर तो ५० च्या आसपास आला तर यंत्राला दोष देऊ नका, हा माल तितकाच ऊर्जा खाणारा आहे. पॅचची कार्यक्षमता इथेच गळते, आणि लांबी कितीही नेमकी कापली तरी ती परत येत नाही. लांब पल्ला हवा असेल तर सबस्ट्रेट, म्हणजे बोर्डाचा मालच, बदला.