पाठदुखीसाठी नैराश्याचे औषध : ड्युलॉक्सेटीन सुरू करताना, घेताना आणि थांबवताना

पाठदुखीची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाच्या चिठ्ठीवर डॉक्टर नैराश्याचे औषध लिहून देतात, तेव्हा आपले दुखणे त्यांना खरे वाटले नसावे, ही शंका पहिल्यांदा मनात येते. नागपुरातल्या धंतोलीच्या दवाखान्यातून बाहेर पडताना माझ्याही मनात तीच होती. मेंदूकडून पाठीच्या कण्यातून खाली उतरणारे काही मज्जामार्ग वेदनेचे संदेश मंद करतात आणि त्यांचे काम सेरोटोनिन व नॉरएपिनेफ्रिन या रसायनांवर चालते. ड्युलॉक्सेटीन हीच दोन रसायने अधिक काळ उपलब्ध ठेवते. म्हणून ते नैराश्याबरोबरच जुनाट पाठदुखी, फायब्रोमायल्जिया (अंगभर स्नायू दुखत राहण्याचा आजार) आणि मधुमेहामुळे होणारी पायांची आग यांवरही दिले जाते. दुखणे खरे असते आणि औषधही त्याच दुखण्यासाठी असते.

औषध सुरू करण्यापूर्वी घरात असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवावीत. जुने दुखणे असलेल्या घरात वेदनाशामकांची अर्धवट वापरलेली पाकिटे कपाटात पडलेली असतातच, आणि खरा धोका तिथेच असतो. अनेक वेदनाशामक गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत ट्रॅमाडॉल असते. ते ड्युलॉक्सेटीनबरोबर घेतल्यास शरीरात सेरोटोनिनचे प्रमाण घातक पातळीपर्यंत वाढू शकते आणि थरथर, ताप, छातीत धडधड, गोंधळलेपणा अशी लक्षणे दिसतात. डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन सोबत घेतल्यास रक्तस्रावाची, विशेषतः पोटातील रक्तस्रावाची, शक्यता वाढते. काचबिंदू, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, दारूची सवय, वाढलेला रक्तदाब आणि पूर्वी कधी मन अकारण अतिउत्साही होऊन झोपच नकोशी वाटल्याचा काळ, हे न विचारताही सांगावे.

सुरुवात बहुधा 30 मिलिग्रॅमने होते आणि पुढे मात्रा 60 पर्यंत नेतात. कॅप्सूल जेवणानंतर, अख्खी गिळावी. तिच्यातील बारीक दाण्यांवर जठरातील आम्लापासून औषध वाचवणारे आवरण असते, त्यामुळे ती चावू नये आणि उघडून पाण्यात मिसळू नये. पहिले काही दिवस मळमळते, तोंडाला कोरड पडते, भूक मंदावते, घाम वाढतो, बद्धकोष्ठता होते. मला सकाळच्या चहाचा वासही नकोसा झाला होता. वरणभात आणि ताक एवढेच पोटात राहत असे. बहुतेकांची मळमळ एकदोन आठवड्यांत ओसरते, आणि नेमक्या याच आठवड्यांत, गुण येण्याआधीच, बरेच जण औषध सोडून देतात, याचे मला फार वाईट वाटते. लैंगिक इच्छा कमी होणे हाही ज्ञात परिणाम आहे. संकोच बाजूला ठेवून तो सांगितला तर मात्रा किंवा औषध बदलता येते.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक गोष्ट वेगळी सांभाळावी लागते. या औषधाने रक्तातील सोडियम उतरू शकते, विशेषतः वयस्कर माणसांत आणि लघवीवाटे पाणी काढणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांत. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे गेला असताना आजोबांचे डोके दुखू लागले, ते गळून गेले किंवा असंबद्ध बोलू लागले, तर ऊन लागले असेल म्हणून पन्हे पाजून त्यांना झोपवू नये. औषधाचे नाव सांगून त्याच दिवशी सोडियम तपासून घ्यावे.

गुण आला की नाही हे ठरवताना दुखणे, मन आणि हातून झालेले काम यांची वहीत वेगवेगळी नोंद ठेवावी. ‘दुखणे दहापैकी सहा’ एवढ्यावरून डॉक्टरांना फारसे समजत नाही. ‘आज कूलरच्या टाकीत बादलीने पाणी भरले आणि नंतर आडवे व्हावे लागले नाही’ यावरून समजते. माझे दुखणे पूर्ण गेलेले नाही. आधी झोप सुधारली, मग पहाटेचा उदासपणा हटला, आणि दुखणे मागे सरले तेही हळूहळू. मनावरचा परिणाम दिसायला सहसा दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो.

सुरुवातीच्या आठवड्यांत, तसेच मात्रा बदलताना, विशेषतः पंचविशीच्या आतील रुग्णांत, बेचैनी किंवा आत्महत्येचे विचार वाढू शकतात. असे झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलावे. जिवाला धोका वाटल्यास रुग्णाला एकटे न सोडता तातडीने रुग्णालयात न्यावे.

बरे वाटू लागल्यावरही औषध साधारण सहा महिने किंवा अधिक काळ चालू ठेवतात. एखादी मात्रा चुकल्यास दुसऱ्या वेळी दुप्पट घेऊ नये, आणि गावी जाताना चिठ्ठीची प्रत व पुरेसा साठा जवळ ठेवावा, कारण औषध एकदम तुटले की चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटते. बंद करायचे असल्यास डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. त्रास जाणवला तर मागच्या मात्रेवर परत नेऊन त्याहून सावकाश उतरवतात.