सायकलवरून लॅपटॉप न्यायचा, तर बॅग कशी घ्यावी?

दुकानात बॅगा बघण्याआधी आपली सायकल बघा. मागच्या चाकाच्या आसाजवळ आणि सीटखाली फ्रेमला कॅरिअरचे बोल्ट बसतील अशी आट्यांची भोकं आहेत का? असतील तर चांगलं कॅरिअर बसवून त्याच्या बाजूला अडकवायची बॅग, म्हणजे पॅनिअर, घ्यावी. नसतील तर पाठीवरची सॅक बरी. सीटच्या नळीला एकाच पकडीने आवळायच्या कॅरिअरच्या मोहात पडू नका. त्याची वजनमर्यादा साधारण ९-१० किलोच असते, बऱ्याचदा बॅगेला टेकायला बाजूच्या दांड्याही नसतात, आणि खड्ड्यांवर ते हळूहळू एकीकडे फिरतं.

अंतरही महत्त्वाचं. १५.६ इंची लॅपटॉप दोन किलोच्या आसपास भरतो; चार्जर, डबा, पाण्याची बाटली, कुलूप आणि बदलायचा शर्ट धरला की पाच-सहा किलो होतात. एवढं ओझं पाठीवर चार-पाच किलोमीटर निभावतं. पण पुण्यात कोथरूडहून हिंजवडीसारखं लांबचं ठिकाण गाठायचं असेल, तर एप्रिलमध्ये घाम नुसता शर्टावर थांबत नाही. बहुतेक सॅकमध्ये लॅपटॉपचा कप्पा पाठीला लागूनच असतो आणि ओल फोममधून आत जाते. म्हणून सॅकमध्ये लॅपटॉप नेहमी प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच ठेवावा.

सॅक घेताना २० ते २५ लिटरची, छातीवर आणि कमरेवर पट्टा असलेली घ्या. दुकानात हेल्मेट घालून, सॅकमध्ये वजन भरून, हँडल धरल्यासारखे वाका आणि मान वर करा. हेल्मेट मागे सॅकला अडत असेल तर ती सॅक ठेवून द्या. उजव्या खांद्यावरून मागची वाहनं दिसतात का, तेही बघा. एका खांद्यावरची बॅग पेडल मारताना घसरून पोटाशी येते. तिला आवळून धरणारा आडवा पट्टा नसेल तर ती नकोच.

सॅकचा एक मोठा फायदा मात्र मान्य करायला हवा: खड्ड्यांचे धक्के तुमचं शरीर झेलतं. पॅनिअरमधल्या लॅपटॉपला ते थेट चाकाकडून मिळतात. त्यामुळे पॅनिअर घेताना सगळ्यात आधी तिचा तळ तपासा. लॅपटॉपच्या कप्प्यात हात घाला. कप्प्याचा तळ बॅगेच्या तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर टांगलेला हवा. तो थेट खाली टेकत असेल तर गतिरोधकावरचा प्रत्येक दणका लॅपटॉपच्या कडेवर बसणार. अशी बॅग आधीच घरात असेल तर तळाशी जाड फोमचा तुकडा घाला. कॅरिअरकडची बाजू कडक पत्र्याची किंवा प्लास्टिकची हवी, म्हणजे बॅग वाकत नाही.

मग हुक. त्यांचा खाचा आणि कॅरिअरच्या दांडीची जाडी जुळली पाहिजे. हुक सैल राहिला तर बॅग खडखडते आणि खड्ड्यात उडून पडते. काही बॅगांसोबत खाच लहान करायचे प्लास्टिकचे तुकडे मिळतात, ते बसवा. खालचा तिसरा हुक किंवा ताणाचा पट्टा नसेल तर बॅग झोके घेऊन चाकाच्या तारांत जाऊ शकते. सगळं बसवल्यावर बॅग तळातून जोरात वर ढकलून बघा. सुटली नाही पाहिजे. मूठ धरून ओढू नका, कारण काही बॅगांचे हुक मूठ ओढली की उघडण्यासाठीच असतात.

टाच हा विसरला जाणारा मुद्दा. सीटवर बसून पेडल उलटं फिरवा. टाच बॅगेला लागत असेल तर हुकांची जागा बदलून बॅग मागे सरकवा. रोड बाइकच्या, म्हणजे शर्यतीच्या धाटणीच्या सायकलच्या, आखूड फ्रेमवर मागे सरकवूनही भागत नाही. तिथे खाली निमुळती होणारी बॅग लागते.

एकच बॅग असेल तर ती डावीकडे लावा. आपल्याकडे वाहनं उजवीकडून घासून जातात. अडचण एवढीच की साइड स्टँडही डावीकडेच असतो आणि त्या बाजूच्या वजनाने सायकल आडवी होते, बॅगेसकट. स्टँड लावायच्या आधी बॅग काढून हातात घ्या.

पावसाचं म्हणाल, तर ‘वॉटरप्रूफ’ चिठ्ठीवर विश्वास नको. झिप आणि शिवण हीच गळायची जागा. तोंड गुंडाळून बंद होणारी, सांधे वितळवून जोडलेली बॅग पावसाळ्यासाठी सर्वांत भरवशाची. तोंडाला किमान तीन घड्या घाला. रेनकव्हर वरचा पाऊस अडवतं, पण कॅरिअरकडची बाजू उघडी राहते आणि चाकाने उडवलेलं चिखलपाणी तिथूनच शिरतं. मडगार्ड नसेल तर आधी तो बसवा. नवी बॅग आत वर्तमानपत्र भरून पाच मिनिटं शॉवरखाली धरा. कागद कुठे भिजला ते लगेच कळतं.

भरताना लॅपटॉपचं झाकण कडक बाजूकडे ठेवा. चार्जर आणि कुलूप त्याच कप्प्यात ठेवू नका. रस्ताभर तेच ठोकत राहतात आणि स्क्रीनला तडा जातो. डब्यात आमटी असेल तर डबा दुसऱ्या बॅगेत, उभा. कॅरिअरवर स्प्रिंगच्या चापाखाली लॅपटॉप आडवा दाबून नेणं तर अजिबात नको.

निघताना लॅपटॉप पूर्ण बंद करा. नुसतं झाकण मिटलं तर तो कधीकधी बॅगेतच जागा होतो आणि तापतो. बॅगेमुळे मागचा लाल दिवा झाकला जात नाही ना, हे सायकलच्या मागे उभं राहून बघा. कॅरिअरचे बोल्ट महिन्यातून एकदा ॲलन कीने, म्हणजे षटकोनी टोकाच्या चावीने, आवळा. सहसा ते ५ मिलिमीटरचे असतात, त्यांना ४ मिलिमीटरची की लागते.