दोन पगार घेताय? मग टॅक्स एकत्र मोजा, मी मोजला नव्हता

2022 मध्ये विप्रोने नोकरीत असतानाच प्रतिस्पर्ध्यांसाठीही काम करणाऱ्या 300 जणांना काढलं, तेव्हापासून हिंजवडीत दुसऱ्या नोकरीच्या विषयावर लोक हळू आवाजातच बोलतात. त्यामुळे ऑफर लेटरमधला दुसऱ्या नोकरीबद्दलचा क्लॉज वाचा, परवानगी मेलवर घ्या हे तुम्हाला माहीत असणारच. मी घेतली होती. अडकले ते भलत्याच ठिकाणी.

दिवसा कंपनी, पगार वर्षाला 9 लाख. संध्याकाळी एका क्लासमध्ये प्रोग्रामिंग शिकवायचे, तेही पेरोलवर, महिना 35 हजार. वर्ष 2023-24, टॅक्सची नवीन रेजीम. कंपनीने 41,600 टॅक्स कापला, क्लासने शून्य, कारण त्यांच्या हिशेबात माझं उत्पन्न 4.2 लाखच, म्हणजे रिबेटमध्ये (ठरावीक उत्पन्नापर्यंतची टॅक्समाफी) बसतं. 50 हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून मिळणारी सरसकट वजावट) दोघांनीही दिलं, खालचे, कमी दराचे स्लॅबही दोघांनी वेगवेगळे धरले आणि मी दोन्हीकडचे फॉर्म 16 (पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) बघून निवांत. जुलैत रिटर्न भरायला बसले तर दोन्ही मिळून 12.7 लाख करपात्र, टॅक्स 1,08,160. म्हणजे 66,560 एकदम भरायचे, वर व्याज! डिडक्शन एकदाच मिळतं, स्लॅब एकदाच मिळतात, नोकऱ्या कितीही असोत. त्या रात्री मी खरंच रडले, कारण तेवढे पैसे खात्यात नव्हतेच.

उपाय साधा होता. परवानगी आहेच तर क्लासच्या पगाराचा तपशील तेव्हाच्या 12बी फॉर्मवर कंपनीला द्यायचा, ते एकत्र धरून कापतात. नाहीतर स्वतः अॅडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी टॅक्स भरा: 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर, 15 मार्च.

'कॅशमध्ये घे, कोणाला कळतंय' म्हणणारा सीनियर प्रत्येक टीममध्ये असतो, त्याचं अजिबात ऐकू नका. आणि न सांगता दुसरी नोकरी करणार असाल तर ते लपत नाही, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) एकच असतो, दुसरीकडे पीएफ कापला की पासबुकात दोन्ही नोंदी दिसतात आणि पुढच्या बॅकग्राउंड चेकला प्रश्न येतोच.

पण घाबरून सोडूही नका. त्या 35 हजारांतून माझ्या भावाची फी गेली, आणि शिकवताना माझं स्वतःचं पायथन पक्कं झालं ते वेगळंच. जॉइन करायच्या आधी फक्त एवढं विचारा, पैसे पगार म्हणून देणार की फी म्हणून, कारण फी असेल तर आयटीआर-1, म्हणजे पगारदारांचा साधा रिटर्न फॉर्म, चालत नाही. मी आता दर महिन्याला 6 हजार वेगळ्या खात्यात टाकते, अॅडव्हान्स टॅक्सचे हप्ते त्यातूनच जातात.