टीसीएल टाकूनही ओटी टेस्ट पिवळी येत नव्हती

सोसायटीच्या १०,००० लिटरच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकूनही ओटी टेस्टला, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते रंगावरून पाहायच्या चाचणीला, पाणी पिवळं व्हायचंच नाही. मात्रा वाढवली, तर तळाचा चुना तेवढा वाढला. वैताग नुसता! पोतं पंपरूममध्ये उघडं, दमटात पडलेलं. क्लोरीन केव्हाच उडालेला. ताज्या पावडरीत तो सुमारे ३३ टक्के असतो.

जमलं ते असं: आधी टाकी घासून धुतली, कारण शेवाळच क्लोरीन खातं. (ॲसिड अजिबात नको, टीसीएलशी मिळून विषारी वायू सुटतो.) टाकी भरली. सीलबंद पिशवीतली ५० ग्रॅम पावडर प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवली, मग बादली भरून ढवळली. दहा मिनिटं निवळू दिली. फक्त वरची निवळी टाकीत ओतली, गाळ फेकला. तासाभराने ओटी घेतली: स्वच्छ पिवळा रंग.