चिकन-चीज बेक करताय? आधी पाण्याचं बघा

आमच्या सांगलीत चिकन म्हणजे रस्सा आणि सुक्कं, त्यामुळं मी पहिल्यांदा ओटीजीत (विजेवरच्या छोट्या ओव्हनमध्ये) भाज्या-चीज घालून चिकन बेक केलं तेव्हा सगळे वाट बघत बसलेले आणि ट्रे काढला तर खाली नुसतं पाणी, वर चीज तरंगतंय. पप्पा म्हणाले, पांढरा रस्सा केलायस व्हय, भाकरी आण की. चूक एकच, सगळं कच्चंच ट्रेत ओतलेलं.

तर अर्धा किलो बोनलेस घ्या, लेगचं मिळालं तर भारी, ब्रेस्ट कोरडं पडतं. चांगलं निथळून, टिपून घ्या, मग आलं-लसूण पेस्ट, लिंबू, मीठ, मिरपूड आणि घरची कांदा-लसूण चटणी चमचाभर (हे माझं ॲडिशन, नुसत्या मिरपुडीवर आमचं भागत नाही) लावून अर्धा तास ठेवा.

फ्लॉवर, गाजर, ढबू मिरची मोठ्या गॅसवर 4-5 मिनिटं परता, झाकण अजिबात नको आणि मीठ शेवटी, नाहीतर लगेच पाणी सुटतं. भाज्या काढून त्याच कढईत चिकन परता, त्याला पण पाणी सुटेल ते पूर्ण आटू द्या.

व्हाईट सॉसला 2 मोठे चमचे बटर, तेवढाच मैदा, कच्चा वास जाईपर्यंत भाजायचा पण लाल करायचा नाही, मग दीड कप गार दूध थोडं थोडं ओतत हलवत राहायचं, हात थांबला की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. चमच्याच्या पाठीवर सॉस चिकटला आणि बोटानं ओढलेली रेघ तशीच राहिली की गॅस बंद.

सगळं एकत्र करून ट्रेत पसरा, ओटीजी 10 मिनिटं आधी 200 डिग्रीवर तापवलेला पाहिजे. पहिली 20 मिनिटं चीजशिवाय. मग मोझरेला, त्याला तार येते पण चव फिकी, म्हणून साध्या चीजच्या 2 क्यूब पण किसून टाकते, आणि अजून 8-10 मिनिटं. जाडातला जाड तुकडा कापून बघा, आत गुलाबी दिसला तर परत आत. काढल्यावर 10 मिनिटं हात लावू नका, सॉस तेव्हाच धरतो.

आणि ऐनवेळी लाईट गेलीच तर जाड बुडाच्या कढईत भरून, खाली जुना तवा, वर झाकण, बारीक गॅसवर 20-25 मिनिटं, झाकणाला आतनं फडकं बांधा म्हणजे वाफेचं पाणी खाली टपकत नाही. वर लाल डाग येत नाहीत एवढंच.