वेबपॅकबार वापरताना या चुका टाळा

वेबपॅक हे वेब प्रकल्पाच्या अनेक फाइली एकत्र बांधणारं साधन, आणि या बांधणीची (बिल्डची) प्रगती पट्टीवर दाखवणारा त्याचा प्लगिन म्हणजे वेबपॅकबार. बिल्ड ९२ टक्क्यांवर येऊन थांबतो. आपण चहा घेऊन येतो, तरी ९२च. मग कोणीतरी वैतागून कंट्रोल-सी दाबून बिल्ड मध्येच तोडतं. पहिली चूक हीच. पट्टीवरचे टक्के वेळेचे नसतात, टप्प्यांचे असतात. वेबपॅकबार ज्या प्रोग्रेसप्लगिनवर उभा आहे, त्यात प्रत्येक टप्प्याचा वाटा आधीच ठरलेला आहे: मोड्यूल (प्रकल्पाच्या एकेक फाइली) शोधून बांधणं साधारण ६५ टक्क्यांपर्यंत, आणि सत्तरीपासून पंच्याण्णवपर्यंत सीलिंग, म्हणजे बांधलेल्याचे अंतिम गठ्ठे तयार करणं. त्यातच नव्वदीच्या आसपास टर्सर, म्हणजे कोड लहान करणारं साधन, सगळं जावास्क्रिप्ट आवळत बसलेला असतो. पट्टीखालची बारीक ओळ वाचा. तिथे ‘टर्सरप्लगिन’ दिसत असेल तर काहीही अडकलेलं नाही. फार वेळ लागत असेल तर प्रॉडक्शनला सोर्समॅप (आवळलेला कोड मूळ कोडशी जोडणाऱ्या फाइली) खरंच हवेत का, ते आधी बघा.

दुसरी चूक जास्त महागात पडते. वेबपॅकबारचा प्रोफाइल हा पर्याय ट्रू केला की शेवटी तक्ता छापला जातो: फाइलच्या एक्स्टेन्शननुसार आणि लोडरनुसार (फाइलीचं रूपांतर करणाऱ्या साधनानुसार) किती रिक्वेस्ट, म्हणजे फाइलींच्या मागण्या, एकूण किती वेळ, एका रिक्वेस्टमागे किती. तक्ता इतका नेटका दिसतो की त्यावर विश्वास बसतोच. पण एका रिक्वेस्टचा वेळ म्हणजे तिची खबर लागल्यापासून पुढचीची खबर लागेपर्यंतचं अंतर, एवढंच. वेबपॅक तर मुळात एका वेळी १०० मोड्यूलपर्यंत हातात घेतं. म्हणजे काम सॅसचं (स्टाइलच्या फाइलींचं) आणि बिल बेबलच्या (जावास्क्रिप्टचं रूपांतर करणाऱ्या साधनाच्या) नावावर, असं सहज होतं. मी एकदा हा तक्ता बघून बेबलच काढून टाकलं, दोन दिवस घातले, आणि बिल्ड होता तेवढाच हळू राहिला.

मोजायचंच असेल तर त्या धावेपुरता पॅरलेलिझम (एका वेळी हातात घ्यायच्या मोड्यूलची मर्यादा) १ करा, काम अनेक प्रक्रियांत वाटणारा थ्रेड-लोडर काढा आणि कॅश (आधीचं काम साठवून ठेवणं) बंद ठेवा. फाइलसिस्टिम कॅश चालू राहिली तर दुसऱ्या वेळी बहुतेक मोड्यूल नव्याने बांधलेच जात नाहीत, आणि आपण मात्र स्वतःची पाठ थोपटून घेतो. एवढं करूनही शंका उरली तर वेबपॅकचंच प्रोफायलिंगप्लगिन लावा. ते इव्हेंट्स डॉट जेसन फाइल देतं. ती क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये परफॉर्मन्स टॅबवर उघडली की कोणता प्लगिन कुठे रेंगाळला ते उघड दिसतं.

क्लायंट आणि सर्व्हर असे वेबपॅकचे दोन कॉन्फिग (सेटिंगच्या फाइली) असतील तर वेबपॅकबारला दोन्हीकडे वेगळं नेम द्या, रंगही वेगळा. नाव दिलं नाही तर दोघांचंही ‘वेबपॅक’ होतं, आणि हा प्लगिन प्रगतीची नोंद नावाखालीच ठेवतो. मग एकच पट्टी मागेपुढे उड्या मारते आणि आपण दोष शोधतो कॉन्फिगमध्ये.

हलती पट्टी दाखवणारा फॅन्सी हा पर्याय सीआयवर, म्हणजे बिल्ड आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर, हट्टाने चालू करू नका. तो तिथे आपोआप बंद असतो, ते उगाच नाही. चालू केला तर लॉगमध्ये त्याच ओळी पुन्हा पुन्हा उमटतात आणि खरी एरर त्यातच हरवते. वेबपॅकच्या कमांडलाही प्रोग्रेस फ्लॅग लावला असेल तर तो काढा, दोन पट्ट्या एकाच टर्मिनलवर भांडतात.

आणि बिल्ड चार-पाच सेकंदांत उरकत असेल तर पट्टी लावूच नका. बिल्डचा वेळ कमी करायला प्रोग्रेसप्लगिन काढून बघा, असं वेबपॅकच्या अधिकृत मार्गदर्शिकेतच लिहिलंय.